सध्या काय ऐकताय? घरगुती श्रवणबैठक कशी भरवावी

सांगली-मिरजेत कानसेनांची कमतरता नाही. मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात किराना घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं होतं. तिथे भेटणारे एकमेकांना हमखास विचारतात, 'सध्या काय ऐकताय?' उत्तर बहुधा गायकाच्या किंवा रागाच्या एका नावात संपतं. 'मन्सूर.' 'मारवा चाललाय.' मग रात्री मोबाईलवर एक लिंक येते, आणि ती ऐकायची राहून जाते. या प्रश्नाचं खरं उत्तर एकत्र बसून, ते गाणं वाजवूनच देता येतं. त्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ पुरते.

माणसं आणि वेळ

पाच ते आठ जण जमवा. त्याहून जास्त झाले की बोलणारे दोघंतिघंच उरतात. जाणकारच हवेत असा आग्रह नको. राग न ओळखणारा पण मन लावून ऐकणारा माणूस बैठकीला फार उपयोगी पडतो, कारण त्याला जे जाणवतं ते तो साध्या शब्दांत सांगतो. दोन तासांत तिघांचंच ऐकून होतं, म्हणून पाळी ठरवून घ्या. एकाला चाळीस मिनिटं: पंचवीस ऐकायला, पंधरा बोलायला.

संध्याकाळी जमणं सोयीचं, पण वर्षातून दोनतीनदा तरी सकाळी सातला बसा. मैफली बहुतेक संध्याकाळी होतात, त्यामुळे यमन, पूरिया, बागेश्री कानावर सतत पडतात. ललत, तोडी, देसकार त्यांच्या वेळेला ऐकायला मिळणं दुर्मीळ झालं आहे. रविवारी सकाळी सांगलीहून मिरजेला जायला फारसा वेळ लागत नाही.

काय आणायचं

'आजवरचं सर्वोत्तम' आणू नका. या आठवड्यात जे पुन्हापुन्हा लावलं जातंय तेच आणा, मग ते कुणाला किरकोळ वाटलं तरी चालेल. आणायच्या आधी एकट्याने तीनचार वेळा ऐका आणि वहीत टिपण करा: गायक, राग, ताल, बंदिशीचा मुखडा (समेकडे नेणारी सुरुवातीची ओळ), साथीला कोण, ध्वनिमुद्रण तबकडीचं, रेडिओचं की मैफलीचं. त्याखाली सगळ्यात महत्त्वाची ओळ लिहा: नेमक्या कोणत्या जागी कान थांबला. मिनिट आणि सेकंदासह. 'आवाज काय सुंदर आहे' एवढ्यावर दुसऱ्याला पकड येत नाही. 'अकराव्या मिनिटाला निषादावर (नी) थांबून षड्ज (सा) लांबवलाय, तिथे ऐका' म्हटलं की सात माणसं एका जागेची वाट बघायला लागतात.

ती जागा शोधायला सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, धरता आली पाहिजे. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात बारा मात्रा. एकेक मात्रा चारेक सेकंदांची असेल तर आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास जातं. तबल्याचा 'धिं' ओळखून बोटांवर आवर्तनं मोजा. दोनतीन आवर्तनांत मुखडा कुठून उचलला जातो ते कळतं, आणि मग गायक समेकडे किती आधीपासून निघाला आहे हेही दिसायला लागतं.

जोड्या लावून ऐका

बैठकीचा सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, म्हणून याला वेळ द्या. पाळी असलेल्याने एकच मुद्रण आणण्याऐवजी त्याला एक जोड शोधावी.

पहिली जोड आपल्याच गावची घ्या. हिराबाई बडोदेकरांचा जन्म 1905 साली मिरजेचा. त्या अब्दुल करीम खाँची कन्या, पण तालीम त्यांना मिळाली अब्दुल वहीद खाँची. वडिलांची तीनचार मिनिटांची तबकडी आणि हिराबाईंचं एखादं लांब मुद्रण पाठोपाठ लावा. घराणं एकच, किराना. तरी स्वराला हात घालण्याची पद्धत कुठे जुळते आणि कुठे वेगळी होते, हे विचारा. तबकडीत खाँसाहेबांना सगळा राग तीन मिनिटांत मांडायचा होता. ती अडचण लक्षात ठेवूनच त्यांच्या ताना ऐकल्या पाहिजेत. तेवढ्याशा वेळातही ते स्वर लांबवायची घाई करत नाहीत, हे मला अजून थक्क करतं. लहानपणी भीमसेन जोशींनी खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी ऐकली आणि गाणं शिकायचा ध्यास घेतला, ही हकिकत सगळ्यांना माहीत असते. ती तबकडी शांतपणे, दोनदा लावून ऐकलेले मात्र कमी असतात.

दुसरी जोड एकाच माणसाची. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेऊन मग जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँकडे शिकले. त्यांच्या तरुणपणीच्या तबकड्या आणि उतारवयातली लांब मुद्रणं शेजारी ठेवा. तबकड्यांतला तो खुला, जोमदार आवाज आणि नंतरची तीनतालाच्या आवर्तनाला बिलगून चालणारी, अखंड विणलेली गायकी. एका माणसाच्या गळ्यात दोन घराणी कशी मुरली ते अशा वेळी ऐकू येतं.

तिसरी जोड सातारा जिल्ह्यातली. औंधचे गजाननबुवा जोशी (1911–1987) गातही असत आणि व्हायोलिनही वाजवत. एकाच रागात त्यांचं गाणं आणि वादन मिळालं तर सोडू नका. गळ्यातली कोणती गोष्ट गजावर आली आणि कोणती आली नाही, यावर पाऊण तास सहज बोलता येतं.

आवाजाची सोय

मोबाईलच्या स्पीकरवर गाणं लावू नका. त्यावर खर्ज (खालचे सूर) जातो, तंबोरा जातो, आणि तबल्याचा बायाँ (डग्गा) नुसता ठपठपतो. मध्यम आकाराचे दोन स्पीकर, शक्यतो वायरने जोडलेले, कानाच्या उंचीवर ठेवले की घरातल्या खोलीला पुरेत. पंखा कमी करा, खिडकी रस्त्याकडची असेल तर लावून घ्या. इंटरनेटवरून वाजवणार असाल तर आलापीत मध्येच जाहिरात येणार नाही याची व्यवस्था आधी करा.

जुन्या तबकड्यांबाबत एक गोष्ट तपासायची. त्यांना '78'च्या (मिनिटाला 78 फेरे) म्हणत असलो तरी सुरुवातीच्या काळात सगळ्या नेमक्या त्याच वेगाने मुद्रित झाल्या नव्हत्या, आणि इंटरनेटवर चढवताना वेग चुकतोही. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. आवाज पातळ होतो, ताना अवास्तव झपाट्याच्या वाटतात. एकाच तबकडीच्या दोनतीन प्रती मिळत असतील तर सगळ्यांचा षड्ज ताडून बघा. फरक असेल तर बैठकीत तसं सांगा, नाहीतर चर्चा गायकाची न होता यंत्राची होते.

ज्यांच्याकडे रेडिओवरून टिपलेल्या कॅसेट आहेत अशी वडीलधारी मंडळी आपल्या भागात बरीच आहेत. त्यांना बोलवा, आणि कॅसेट वाजवण्याआधी पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, हेड स्पिरिटने पुसून घ्या. पहिल्यांदा वाजवतानाच संगणकावर उतरवून ठेवा.

ऐकताना आणि नंतर

वाजवण्याआधी आणणाऱ्याने दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. राग, ताल, कान कुठे ठेवायचा, बस्स. वाजत असताना 'वा' चालेल, टिप्पणी नको. भडंग आणि चहा गाणं संपल्यावर द्या. विलंबित ख्यालात भडंगाचा आवाज फार मोठा वाटतो.

संपल्यावर आधी आणणाऱ्याने बोलायचं नाही. राग न ओळखणाऱ्यापासून सुरुवात करा, जाणकार शेवटी. नाहीतर जाणकाराचं मत ऐकून बाकीचे आपलं म्हणणं गिळतात. घराण्यांवरून वाद होणारच. होऊ द्या, पण अट अशी की 'आमच्याकडे असं गात नाहीत' म्हणणाऱ्याने ती जागा पुन्हा लावून दाखवायची. पुन्हा ऐकलं की निम्मे वाद तिथेच मिटतात आणि उरलेले जास्त रंगतात.

एक बैठक मिरजेत

वर्षातून एकदा सगळे मिळून सतारमेकर गल्लीत जा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतून इथले कारागीर वाद्यांकडे वळले; 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एखाद्या कारागिराला आधी विचारून, त्याच्या कामाचा खोळंबा न करता, जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी घोडीची घडण, लावताना बघायची परवानगी घ्या. घोडीचा पृष्ठभाग तो केसाएवढा घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली दोरा सरकवला की बंद आवाज उघडतो आणि षड्जाच्या मागे गंधार (ग) तरंगायला लागतो. तो गंधार कानात घेऊन परत या आणि त्याच दिवशी एखादं किराना घराण्याचं मुद्रण लावा. गायक मागच्या तंबोऱ्याशी काय बोलतोय ते पूर्वीपेक्षा स्पष्ट कळेल.

बैठकीची एक वही ठेवा: तारीख, कुणी काय आणलं, कोणत्या मिनिटाला कुणाचा कान थांबला. उठण्याआधी पुढच्या महिन्याच्या तिघांची नावं त्यात लिहून घ्या. आषाढ जवळ आला असेल तर मल्हार कोण आणणार हेही तेव्हाच ठरवा, कारण प्रत्येकाकडे आपापला गौड मल्हार असतो आणि तो आधी लावायची सगळ्यांनाच घाई असते.