घाटात दम सोडणारी जुनी पेट्रोल जीप: दोष टाकीकडून शोधत या

कात्रजच्या किंवा दिवे घाटाच्या चढाला जुनी पेट्रोल जीप झटके देऊ लागली की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो आवरा. मिक्श्चर स्क्रू फक्त आयडलिंगचं मिश्रण ठरवतो. चढावर पेट्रोल कमी पडण्याशी त्याचा संबंध नाही, आणि तो हलवला की एका दोषाचे दोन होतात.

पहिली तपासणी गाडी बंद पडली तिथेच करायची. इग्निशन बंद करा, एअर क्लीनर काढा आणि ॲक्सिलरेटरचा रॉड हाताने झटकन ओढा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार उडाली तर बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल आहे. मग ठिणगीच्या बाजूचे कॉइल आणि कंडेन्सर तपासा. तापल्यावर दगा देणाऱ्या कंडेन्सरची लक्षणं पेट्रोल तुटल्यासारखीच दिसतात. धार आली नाही तर टाकीचं झाकण सैल करा. फुस्सकन हवा आत शिरली आणि गाडी पुन्हा ओढायला लागली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. (ही धार उडवणाऱ्या, कार्बोरेटरमधल्या ॲक्सिलरेटर पंपाचा वॉशर गेला असला तरी धार येत नाही, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.)

पुढची तपासणी घरी, मोकळ्या हवेत, इंजिन थंड झाल्यावर आणि आग विझवण्याचा सिलिंडर जवळ ठेवून. कॉइलची लो-टेन्शन (इग्निशनकडून येणारी बारीक) वायर काढून टोकाला टेप गुंडाळा. कार्बोरेटरकडचा पाइप सोडून पत्र्याच्या डब्यात धरा आणि दुसऱ्या कुणाला १० ते १५ सेकंद स्टार्टर मारायला सांगा. ठोक्याठोक्याला भरीव पिचकारी हवी. बुडबुडे येत असतील तर टाकी ते पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा) या भागात कुठेतरी हवा ओढली जातेय. असा जॉइंट बाहेरून कोरडा ठणठणीत असतो, त्यामुळे नजरेला सापडत नाही. जुने होज आणि क्लिपा सरळ बदला.

धार मंद असेल तर पंपाच्या इनलेटला नवा होज जोडून त्याचं टोक स्वच्छ पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवा आणि पुन्हा स्टार्टर मारा. आता धार सुधारली तर पंप ठीक आहे, अडथळा मागे आहे: टाकीतला गंज, पिकअपची (टाकीतून पेट्रोल उचलणाऱ्या नळीची) जाळी किंवा चेपलेला पाइप. लाइनमध्ये हवा मारताना पंपाकडचं टोक आधी सोडा, नाहीतर डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) फाटेल. धार तशीच राहिली तर दोष पंपाचा. डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतंय. पंप दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत इंजिन चालू करू नका, बेअरिंग खराब होतील.

पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांसाठी हा मुद्दा गंभीर आहे. इथेनॉलने जुनं रबर आणि बुचाचे गॅस्केट खराब होतात, टाकीत साठलेला चिकट थर सुटून फिल्टरमध्ये येतो, आणि पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत ओलावा धरला जातो. पुण्याच्या नाना पेठेत पंप दुरुस्तीचं किट घेताना डायफ्राम इथेनॉलला टिकणारा आहे का, हे विचारूनच घ्या. पहिल्या दोन-तीन टाक्यांपर्यंत फिल्टर वरचेवर पाहा.

पंप ठीक असूनही बाऊल रिकामा राहत असेल तर नीडल व्हॉल्व्ह (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी सुई) अडकलाय किंवा त्याला उघडझाक करणाऱ्या फ्लोटची (तरंगत्या डबीची) पातळी खाली गेलीय. उलट पेट्रोल ओसंडत असेल तर फ्लोट काढून कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर त्याला भोक पडलंय.

एप्रिल-मेच्या उन्हात फक्त गरम गाडीच अडत असेल तर पाइपात वाफ होतेय. लाइन एक्झॉस्टपासून लांब न्या, मध्ये पत्र्याची आड लावा. इलेक्ट्रिक पंप बसवून हा प्रश्न सुटतो, पण दाब जुळला पाहिजे: जुन्या मेकॅनिकल पंपाचा दाब साधारण २ ते ४ पीएसआय असतो. जास्त दाबाचा पंप नीडल उघडी ठेवून कार्बोरेटर भरून टाकतो.

सगळं जोडल्यावर गाडी लगेच फिरवायला नेऊ नका. आधी पाच मिनिटं आयडलवर ठेवून प्रत्येक जॉइंट कोरड्या फडक्याने पुसून पाहा.