सातू भिजत घालायच्या आधी एवढं जमवा

रुजणाऱ्या दाण्यातले जीन्स तापमानाप्रमाणे कसे चालू-बंद होतात ते बघायचंय ना, मग सातू म्हणजे बार्ली घ्या, गवताच्याच कुळातलं आहे आणि फरक डोळ्यांनी दिसतो.

आधी दाणा, आणि कापणी कधी झाली ते विचारल्याशिवाय घेऊच नका. ताजा सातू झोपलेला असतो, १० डिग्रीला रुजतो पण ३० ला ओल्या कागदावर तसाच पडून राहतो, आणि तोच दाणा काही महिने कोरडा ठेवला की ३० लाही मोड काढतो. म्हणून लॉट आला की लगेच दोन भाग करायचे, अर्धा उणे २० च्या फ्रीजरमध्ये म्हणजे झोप टिकते, अर्धा बाहेर खोलीत. साल काढू नका, सालीमुळे गर्भाला ऑक्सिजन कमी पोचतो, ती काढली की प्रयोगच बदलला.

मग इनक्युबेटर. डिस्प्लेवर भरवसा नको, डिशमध्ये पाणी घालून त्यात थर्मामीटर बुडवून प्रत्येक कप्पा तपासा. माझ्याकडे डिस्प्ले ३० दाखवत होता आणि खालच्या कप्प्यात २७ निघाले, तोवर मी आठवडाभर "अरे वा, ३० ला पण रुजतंय" म्हणून खूश! डेटा लॉगर ठेवाच, रात्री लाइट जाऊन आली तर सकाळी पत्ता लागत नाही. भिजवायचं पाणी आदल्या रात्रीच आत ठेवा, नळाचं पाणी ओतलं तर पहिला तासभर दाणा भलत्याच तापमानाला भिजतो. डिशना फॉइल गुंडाळा, निळा उजेड सातूला रुजू देत नाही, उघडायचं तर मंद हिरव्या दिव्यात.

जीन्सची नावं आधी ठरवा. एबीए हे झोपवणारं हार्मोन, ते बनवायला लागणारे एनसीईडी आणि मोडणारा एबीए हायड्रॉक्सिलेज हे दोन्ही हवेतच, कारण ३० ला झोपलेल्या दाण्याच्या गर्भात एबीए पुरेसं उतरत नाही, आणि ते जास्त बनतंय की कमी मोडतंय हा हिशोब या दोघांवरूनच लागतो. जिबरेलिन म्हणजे रुजवणारं हार्मोन, त्याचाही एक जीन घ्या. अल्फा-अमायलेज, म्हणजे स्टार्च फोडणारं एन्झाइम, बघायचं असेल तर अल्यूरोन थरही (स्टार्चभोवतीचा पातळ थर) लागेल, नुसता गर्भ कापून भागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सॅम्पल कधी काढायचं. बाहेर ठेवलेला दाणा ३० ला दुसऱ्या दिवशी मोड दाखवतो, १० ला त्याला जास्त दिवस लागतात, मग २४ तासाला २४ तास लावून जो फरक दिसेल तो तापमानाचा की दाण्याच्या वयाचा? म्हणून तासाप्रमाणे काढा आणि मोड दिसायच्या क्षणी वेगळं काढा. सुका दाणा पण हवा, त्यात आधीपासूनच आरएनए, म्हणजे जीनची नक्कल जी आपण मोजणार, साठवलेला असतो, शून्य समजू नका.

आरएनए मोजायच्या क्यूपीसीआर मशीनमध्ये बारीक खळग्यांची (वेल) प्लेट लागते, तिचा हिशोब कागदावर मांडा. दोन तापमानं, चार वेळा, वर सुका दाणा म्हणजे ९ सॅम्पल, तीन-तीन बॅच म्हणजे २७, प्रत्येकी तीन वेल म्हणजे एका जीनला ८१, म्हणजे ९६ ची एक प्लेट गेली. रेफरन्स जीन, म्हणजे तुलनेसाठी न बदलणारे जीन, दोन तरी ठेवा आणि ते दोन्ही तापमानांना स्थिर आहेत का ते आधीच बघून घ्या. अख्खा दाणा वाटला तर स्टार्चमुळे ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढायचं द्रावण) खळ होते, गर्भ कापून घेतलेला बरा.

आणि सॅम्पल लगेच गोठवायला लागणारा लिक्विड नायट्रोजन दोन दिवस आधी सांगून ठेवा, आमच्याकडे शनिवारी मिळत नाही, आणि ४८ तासांचं सॅम्पल नेमकं शनिवारीच येतं.