प्रादेशिक सेनेत जाताय? आधी शिवडीची रात्र ऐका

शेजारचा मुलगा प्रादेशिक सेनेचा फॉर्म भरतोय. वयाची अट 18 ते 42, नोकरी सांभाळून वर्दी घालायची, म्हणून गडी खूश. त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो. बोलतोय मी, टाइप करतोय नातू.

3 डिसेंबर 1971 ला युद्ध पेटलं तेव्हा मी 35 वर्षांचा कारकून, आणि प्रादेशिक सेनेत जवान. तुकडीतली बाकी पोरं विशीतली, मला 'काका' म्हणायची. 'एम्बॉडी' झालो, म्हणजे बोलावणं आलं, तेव्हा वाटलं होतं आता सरहद्द. नेमणूक मिळाली शिवडीला, तेलाच्या टाक्यांवर! घर लालबागला, चालत जाण्याच्या अंतरावर. दोन-चार दिवस लाजच वाटली.

पहाऱ्याचं गणित साधं: दोन तास उभं, चार तास आराम. पण आरामातही बूट पायातच. डोळा लागतोय तोवर हवालदार हलवतो. पोरं उभ्याउभ्या पेंगून ताजी व्हायची, माझे गुडघे बोलायचे. पायमोज्यांचा जादा जोड कोरडा ठेवा, एवढं ऐकाच.

ब्लॅकआउटमध्ये मुंबई इतकी काळी की खाडी दिसायच्या आधी तिचा वास यायचा. एका पहाटे चिखलात चपचप ऐकू आली. मी थ्री-नॉट-थ्री रायफल खांद्याला लावून ओरडलो, "थम! कौन आता है?" आवाज आला, "कोली हाय मी, कोली! निवट्या धराला आयलो!" निवट्या म्हणजे चिखलातले मासे. म्हातारा हातातली टोपली डोक्यावर धरून उभा. हवालदाराने त्याला दटावून परत पाठवलं आणि मग मला धरलं. ओरडलो ते बरोबरच होतं. बोट घोड्यावर होतं, ते चुकलं. उत्तर येईपर्यंत बोट बाहेर. ही शिकवणी कॅम्पात दहादा झाली होती, पण अंधारात हात आपलं ऐकत नाही.

नोकरीचं म्हणाल, तर 1948 च्या प्रादेशिक सेना कायद्याने मालकाला परत घ्यावंच लागतं. आमच्या कचेरीने घेतलं, पण पगारवाढ कितीतरी महिने लटकवली. बोलावण्याचा आणि सुटकेचा, दोन्ही कागदांच्या नकला घरी ठेवा.

16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, ती बातमी मला चहावाल्या पोराने दिली. माझा पहाऱ्याचा अर्धा तास उरला होता, तो भरला.

सुटका झाली त्याच्याही बऱ्याच नंतर. घरी आलो तर खिडकीच्या काचांवर काळा कागद तसाच. बायको म्हणाली, "काढणार होते. म्हटलं, दिवसा झोपाल."