परत आलेला माल आपलाच आहे का? जुन्या वस्तू ऑनलाइन विकताना

खोक्यात वीट घालून परत पाठवणारं गिऱ्हाईक एकवेळ परवडलं, ते लगेच उघडं पडतं. डोक्याला ताप देतो तो दुसरा प्रकार: मोबाइल तोच, पण बॅटरी बदललेली. लॅपटॉप तोच, पण ५१२ जीबीची एसएसडी (डेटा साठवणारा भाग) जाऊन २५६ ची बसलेली. किंवा मिक्सरचा पाया तुमचा आणि भांडं झिजलेलं, दुसऱ्याच्याच घरचं. वरवर बघितलं तर माल आपलाच. अशा तक्रारीत प्रश्न एकच येतो, पाठवला तेव्हा आत काय होतं ते दाखवा. हा पुरावा माल घराबाहेर पडायच्या आधीच तयार लागतो, नंतर काही करता येत नाही.

मोबाइलवर *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलावर लिहा आणि स्क्रीनवर दिसत असतानाच फोटो काढा. आयएमईआय आतल्या मुख्य सर्किट बोर्डाचा असतो, डिस्प्ले किंवा बॅटरी बदलली तरी तो तोच राहतो. म्हणून एवढ्यावर थांबू नका. लॅपटॉपवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवलं की एसएसडीचा सीरियल नंबर आणि ती किती तास चालली ते दिसतं, त्याचा फोटो ठेवा. मिक्सरच्या भांड्याचा तळ आणि पायाचा कपलर (भांडं फिरवणारी चकती) जवळून टिपा, झीज लपत नाही.

सगळ्यात स्वस्त सील म्हणजे नेलपॉलिश. स्क्रूवर असा ठिपका द्या की अर्धा स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धा बॉडीवर येईल. पूर्ण वाळल्यावर जवळून फोटो काढा. स्क्रू फिरवला की ठिपका मधोमध तुटतो. लाल, निळा असा ठळक रंग घ्या, पारदर्शक नको. जाहिरातीत ‘स्क्रूवर खुणा केलेल्या आहेत’ एवढं लिहिलं तरी हातचलाखी करणारा जरा विचार करतो. मात्र ‘रिटर्न नाही’ असं आपण लिहिलं म्हणून प्लॅटफॉर्मचा रिटर्नचा नियम रद्द होत नाही.

आता पॅकिंगचा व्हिडिओ. तो सलग हवा, मध्ये कट नको. क्रम असा: कुरिअरचं लेबल आणि ट्रॅकिंग नंबर, वस्तू चालू करून, आयएमईआय किंवा सीरियल, नेलपॉलिशच्या खुणा, सगळे सुटे भाग, खोक्यात भरणं, टेप, लेबल चिकटवणं, शेवटी काट्यावर वजन. बहुतेकांचं चुकतं ते टेप आणायला उठताना. दहा सेकंद खोकं फ्रेमबाहेर गेलं की समोरचा म्हणणार, तेवढ्यात बदललं. टेप, कात्री, कागद आधीच हाताशी ठेवा आणि मोबाइल स्टँडवर लावा.

वजनासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. कुरिअरच्या पावतीवर विसंबू नका. बऱ्याच कुरिअरचा हिशेब ५०० ग्रॅमच्या टप्प्यांत असतो, त्यात १८० ग्रॅमचा फरक बुडून जातो. पावतीचा फोटोही त्याच दिवशी काढा. ती थर्मल कागदाची असली, तर सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुकानाच्या गल्ल्यात पडून अक्षरं उडतात.

माल परत आला की ओटीपी सांगायची घाई नको. काही ठिकाणी ओटीपी दिला म्हणजे माल स्वीकारला असं धरतात. कुरिअरवाला थांबत असेल तर त्याच्यासमोर, नसेल तर तो जाताच, सहाही बाजू, टेप आणि लेबल दाखवत सलग व्हिडिओत खोका उघडा. टेप फाटलेली दिसली तर पावतीवर लिहा: ‘पाकीट उघडलेल्या स्थितीत मिळाले, तपासणी बाकी.’

मोबाइल आधी रीसेट करू नका. गिऱ्हाइकाचं खातं तसंच असेल तर रीसेटनंतर तो त्याचंच गूगल किंवा ॲपल खातं मागेल, आणि फोन हातात असून निरुपयोगी. सेटिंग्जमध्ये कोणाचं खातं आहे ते व्हिडिओत दाखवा, मग ते काढून टाकायला त्याला लेखी सांगा.

दावा त्याच दिवशी टाका आणि मोजकंच लिहा: ‘पाठवताना वजन ४१२ ग्रॅम, परत आल्यावर ३६०. मागच्या दोन स्क्रूंवरची खूण तुटलेली. दोन्ही व्हिडिओ जोडले आहेत.’ शिव्याशाप, ‘फसवणूक’ असले शब्द नकोत. आकडे बोलू द्या. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन अस्पष्ट होतो. मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ फाइलच्या आधारे देणं सोपं जातं.

पैसे ऑनलाइन उडाले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन. मालाची अदलाबदल झाली असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

गिऱ्हाईक सोलापुरातलंच असेल तर कुरिअरच्या भानगडीत पडू नका. दिवसाउजेडी नवी पेठेसारख्या वर्दळीच्या ठिकाणी भेटा, पंधरा मिनिटं कॉल, कॅमेरा, चार्जिंग सगळं बघू द्या. पैसे स्क्रीनशॉटवर नाही, आपल्या बँक खात्यात बघा. मग दोन प्रतींत लिहा: ‘वापरलेला मोबाइल, आयएमईआय अमुक, तपासून, आहे त्या स्थितीत घेतला’. खाली तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या.