कौलारू घरात चुलीचं धुराडं बसवताना

चूल बिडाची घ्या किंवा गवंड्याकडून निर्धूर बांधून घ्या. फरशीवर, लाकडी खांबापासून लांब बसवली की तिथलं काम संपलं. घोटाळा होतो वर, पाइप कौलांतून बाहेर निघतो तिथे. पन्हाळा-गगनबावड्याकडच्या घरांत मला नडली ती हीच जागा.

"एक कौल काढा, पाइप घाला, सिमेंट थापा," असं सांगणारे पुष्कळ भेटतील. अजिबात ऐकू नका. पाइप तापतो-निवतो तसं सिमेंट तडकतं आणि आषाढात पागोळी थेट चुलीवर पडते. त्याहून वाईट म्हणजे पाइप वाशाला टेकलेला असतो. रोजच्या धगीनं लाकूड करपत जातं आणि मग आधीपेक्षा कमी उष्णतेतही पेटतं. "दहा वर्षं काय झालं नाही" याला म्हणूनच अर्थ नाही.

एकेरी पत्र्याचा पाइप लाकडापासून दीड फूट लांब हवा. दोन वाशांत एवढी जागा मिळत नाही. तेव्हा छपरापुरता तयार इन्सुलेटेड (दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारं भरण असलेला) पाइप घ्या आणि त्यावर लिहिलेलं अंतर सोडा. आड येणारी रीप कापून दोन्ही बाजूंना आधार द्या. मोकळ्या जागेत गोणपाट किंवा थर्माकोल कोंबणाऱ्याला घरातच घेऊ नका. ती पत्र्यानं झाका.

बाहेरून पाइपाभोवती पत्र्याची पाटी लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वळवून मिळेल, पण पाख्याचा उतार मोजून न्या. पाटीची वरची कड वरच्या कौलांखाली, खालची कड खालच्या कौलांवर. उलट बसली तर ती पन्हाळीसारखी पाणी आत घेते. पाटीच्या वर पाइपाला घट्ट कॉलर, म्हणजे पत्र्याचं कडं.

उंची: छपरातून निघतो तिथून किमान 3 फूट, आणि 10 फुटांच्या आत आढं किंवा भिंत असेल तर तिच्यापेक्षा 2 फूट वर. आखूड ठेवलात तर वारा धूर घरातच ढकलतो. टोकाला टोपी.

पाइप जोडताना वरचा खालच्यात घाला, नाहीतर डांबरासारखा काळा रस सांध्यातून भिंतीवर ओघळतो.

खिडकी उघडी, जळण वाळलेलं. जाळातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म लावाच.

पहिला जाळ लहान करा आणि माळ्यावर चढून वाशाला हात लावा. हात ठेववत नसेल तर चूल विझवा, पाइप काढा.