फायरवॉलवर क्यू बांधल्या, तरी बँडविड्थ नीट वाटली जात नाही? या चुका टाळा

क्यू म्हणजे एकेका प्रकारच्या ट्रॅफिकसाठी ठरावीक बँडविड्थ राखून बांधलेली रांग, आणि एकीची न वापरलेली जागा दुसरीने तात्पुरती घेणं म्हणजे उसनवारी. तक्रार बहुतेक वेळा दोनपैकी एका तऱ्हेची असते. एक तर लाइन निम्मी रिकामी असूनही बॅकअप आपल्या ३० मेगाबिटच्या पुढे सरकत नाही. नाहीतर बॅकअप सुरू झाला की कॉलवरचा आवाज तुटायला लागतो, आणि कॉलसाठी राखून ठेवलेले २० मेगाबिट गेले कुठे, हा प्रश्न पडतो. पहिल्या ठिकाणी उसनवारी होतच नाही, दुसऱ्या ठिकाणी ती नको तितकी होते. दोन्हीकडे माणूस आकडे वरखाली करत बसतो. त्याआधी क्यूचे काउंटर वाचा. घोडं कुठे पेंड खातंय ते बहुतेकदा तिथेच दिसतं.

लिनक्सवर एचटीबी (बँडविड्थ वाटणारी यंत्रणा) असेल तर टीसी या कमांडकडून क्लासची, म्हणजे तिथल्या क्यूंची, आकडेवारी मागवा. प्रत्येक क्लासखाली ‘लेंडेड’ आणि ‘बॉरोड’ असे दोन आकडे येतात. शेवटच्या पातळीवरच्या क्लाससाठी पहिला आकडा म्हणजे स्वतःच्या हक्कावर गेलेली पॅकेट्स, दुसरा म्हणजे वरच्याकडून उसन्या घेतलेल्या जागेवर गेलेली. ड्रॉप (टाकून दिलेली पॅकेट्स) वाढतायत, लाइन रिकामी आहे आणि बॉरोड शून्यावर बसलंय, तर पहिला संशय ‘सील’वर, म्हणजे क्लासच्या कमाल वेगावर, घ्यायचा. सील लिहिलंच नाही तर ते रेटइतकंच, म्हणजे हमीच्या वेगाइतकंच, धरलं जातं, म्हणजे उसनवारीला दार बंद.

सील बरोबर असूनही बॉरोड शून्य? मग क्लास कुठे टांगलेत ते पाहा. मी स्वतः एकदा कॉल, बॅकअप आणि बाकीचं अशा तीन क्लास थेट मुळाशी जोडल्या होत्या, प्रत्येकीला सील ९५ मेगाबिट. दिसायला सगळं झकास. पण उसनं मिळतं ते आईबापाकडून, आणि मुळाशी टांगलेल्या क्लासला आईबापच नसतात. मध्ये ९५ मेगाबिटची एक पालक क्लास घातली, तिच्याखाली २०, ३० आणि ४५ बांधल्या, आणि बॉरोडचा आकडा पळायला लागला.

पोरांच्या रेटची बेरीज मात्र पालकापेक्षा जास्त होऊ देऊ नका. एचटीबी तुम्हाला अडवत नाही. आपापल्या रेटच्या आत असलेली पोरं पालकाची मर्यादा ओलांडली तरी पाठवत राहतात. आडात नाही ते पोहऱ्यात आणण्याचं वचन तुम्ही दिलेलं असतं, आणि त्याचा पहिला फटका बसतो कॉलला.

आता एक बारीक भानगड, जी फारच थोडे लोक तपासतात. उरलेली बँडविड्थ समान प्रायॉरिटीच्या क्लासमध्ये ‘क्वांटम’च्या, म्हणजे एका पाळीत किती बाइट पाठवायचे त्या आकड्याच्या, प्रमाणात वाटली जाते. क्वांटम दिला नाही तर एचटीबी सेकंदाला बाइटमधला रेट घेऊन त्याला ‘आरटूक्यू’ने, म्हणजे मुळात १० ने, भागतं. पण हा आकडा २,००,००० बाइटच्या वर गेला की तिथेच छाटला जातो. हिशेब करा: १६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला २० लाख बाइट, भागिले १० म्हणजे बरोबर दोन लाख. त्यापुढच्या सगळ्या क्लासचा क्वांटम एकच! म्हणून वरच्या मांडणीत २० आणि ४५ मेगाबिटच्या क्लासना उरलेल्यातून सारखाच वाटा मिळतो, आणि आपण म्हणतो प्रमाण बिघडलं. कर्नलच्या लॉगमध्ये ‘क्वांटम मोठा आहे’ असा इशारा पडलेला असतो, कोणी वाचत नाही एवढंच. क्वांटम हाताने द्या किंवा आरटूक्यू वाढवा.

पीएफ (बीएसडीवरचा फायरवॉल) वापरणाऱ्यांचं दुखणं निराळं. त्याच्या जुन्या ऑल्टक्यू या क्यू-यंत्रणेत सीबीक्यू हा प्रकार निवडला तर क्यूवर ‘बॉरो’ हा शब्द लिहिल्याशिवाय ती पालकाकडे हात पसरत नाही. एचएफएससी या दुसऱ्या प्रकारात ‘लिंकशेअर’ वाटणी ठरवतं, ‘रिअलटाइम’ हमी देतं आणि ‘अपरलिमिट’ छत घालतं. पुष्कळ जण तिन्ही ठिकाणी एकच आकडा भरतात आणि मग क्यू वाढत का नाही म्हणून विचारतात. तिला तुम्हीच छताला बांधलंय.

त्याहून जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे स्टेट, चालू कनेक्शनची फायरवॉलने ठेवलेली नोंद. पीएफमध्ये कनेक्शन उघडतं तेव्हाच त्याची क्यू ठरते. नियम बदलून रूलसेट पुन्हा लोड केला तरी आधीपासून चालू असलेला बॅकअप जुन्याच क्यूतून वाहत राहतो, आणि तुम्ही बरोबर नियम चुकीचा समजून पुन्हा बदलता. त्या मशीनपुरतेच स्टेट मारा. सगळे स्टेट एकदम उडवू नका. मी ते एसएसएचवर, म्हणजे दुरून लॉगिन करून, केलं होतं, आणि माझंच सेशन लटकलं.

दिशेची चूक जुनीच, पण अजून होते. फायरवॉल आवर घालू शकतो तो बाहेर पडणाऱ्या पॅकेटला. अपलोड वॅनच्या (इंटरनेटकडच्या) कार्डावर आवरा, डाउनलोड लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या). आणि मूळ आकडा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा खाली ठेवा, मी साधारण ९० ते ९५ टक्के धरतो. तो लाइनइतकाच ठेवला तर रांग फायरवॉलवर लागतच नाही, मोडेमच्या बफरमध्ये लागते, आणि तिथे तुमच्या प्रायॉरिटीला कोणी विचारत नाही.

युनिटवरही नजर टाका. टीसीमध्ये ‘एमबिट’ म्हणजे मेगाबिट, पण ‘एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला मेगाबाइट. आठ पटीचा फरक!

काही वेळा ट्रॅफिक क्यूपर्यंत पोचतच नाही. मायक्रोटिकच्या राउटरवर फास्टट्रॅकचा (पॅकेट्स जवळच्या वाटेने सोडण्याचा) नियम चालू असेल तर ती कनेक्शन सिंपल क्यूला वळसा घालून जातात. एचटीबीला डीफॉल्ट क्लास सांगितली नसेल तर वर्गवारीत न बसलेली पॅकेट्स कुठल्याही आवराविना सुटतात. नियम फक्त टीसीपी ४४३ चा (वेबचा नेहमीचा पोर्ट) असेल तर यूडीपीवरून धावणारा ‘क्विक’ (QUIC) हा वेबचा नवा प्रोटोकॉल निसटतो, आणि फक्त आयपीव्ही४ चा असेल तर आयपीव्ही६.

शेवटी चाचणी. एकाच क्यूवर स्पीडटेस्ट लावून वाटणी कळत नाही, भांडायला दुसरं कोणी हवं. दोन मशीनवरून आयपर्फ३ हे वेग मोजायचं साधन चालवा, एक क्यू आधी भरू द्या, अर्ध्या मिनिटाने दुसरी सुरू करा, आणि पहिलीचा वेग किती खाली येतो ते पाहा. फक्त आयपर्फ३ आपणहून ५२०१ पोर्ट वापरतं हे विसरू नका. तुमचे नियम पोर्टवर बेतलेले असतील तर दोन्ही चाचण्या गुपचूप डीफॉल्ट क्यूत जाऊन बसतील, तेव्हा त्या त्या क्यूचा पोर्ट देऊनच चालवा.