खेडा खरेदीवाला दारात येण्याआधी कापसाचा भाव काढा

एकाधिकार खरेदी होती तेव्हा हिंगणघाटात भाव काढायची गरजच नव्हती. 1972 पासून कापूस सरकारलाच घालायचा, भाव सरकारचा, चुकारे मिळतील तेव्हा. 2002 मध्ये व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी बीटी बियाणं आलं. पिकवायचं नवं तंत्र कृषी केंद्रवाल्यानं समजावलं, विकायचं कोणी समजावलं नाही. ते मी सांगतो.

रुईचा (बी काढलेल्या कापसाचा) खंडीचा भाव आणि सरकीचा (कापसाच्या बियांचा) किलोचा भाव, एवढे दोन आकडे जिनात, म्हणजे रुई-सरकी वेगळी करतात त्या गिरणीत, विचारून घ्या. खंडी म्हणजे 356 किलो रुई. समजा रुई 54,000 रुपये खंडी, म्हणजे किलोला साधारण 152. क्विंटलभर कापसाला 34 किलो उतारा, म्हणजे निघणारी रुई, धरला तर रुईचे 5,157 रुपये. दोन किलो घट सोडून सरकी उरते 64 किलो. 35 रुपयांनी 2,240. बेरीज 7,397. यातून जिनिंग-प्रेसिंग, गाडीभाडं आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करा. उरेल त्याच्या बऱ्याच खाली कोणी मागत असेल तर चहा पाजून वाटे लावा.

आता उतारा 36 धरा. त्याच भावात बेरीज 7,631 होते, क्विंटलमागे 234 रुपये जास्त. म्हणून पहिल्या वेच्याचा कापूस आणि फरदडीची (हंगामानंतरही राखलेल्या पिकाची) कवडी, म्हणजे हलका कापूस, एका ढिगात घालू नका, व्यापारी सगळ्याला कवडीचाच भाव लावतो.

दहिवर उडाल्यावरच वेचणी. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात, 12 च्या वर असेल तर गाडी परत. सातबाऱ्यावर कापसाचा पेरा चढला आहे ना, तेही आधीच बघा. आमच्या गावात निम्म्यांची धावपळ तिथंच होते.

हमीभाव आणि बाहेरच्या भावात फार अंतर दिसलं तर दिल्लीकडे पाहा. 2025-26 साठी लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव जाहीर झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये, पऱ्हाटीला (कापसाच्या झाडाला) बोंडं धरत असताना, आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क उठवलं, म्हणजे बाहेरच्या कापसाला स्वस्तात यायची वाट मोकळी. ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे आपला वेचणीचा ऐन हंगाम. अशा साली घरात कापूस भरून तेजीची वाट पाहण्यापेक्षा केंद्रावर नोंदणी करून नंबर लावलेला बरा.